होरिउची, पॉल

(१२ एप्रिल १९०६ – २९ ऑगस्ट १९९९). जपानमध्ये जन्मलेले अमेरिकन चित्रकार. मूळ नाव चिकामासा. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील सिॲटल हे त्यांचे कार्यक्षेत्र. रेल्वेतील नोकरी, युद्धकाळातील बेकारी आणि मोटारींची डेंटिंगची कामे यांत अर्धे आयुष्य गेल्यावर, पन्नाशीच्या सुमारास ते कोलाजकडे, म्हणजे कागद चिकटवून केलेल्या चित्रांकडे, वळले. त्यांची ख्याती मुख्यतः या माध्यमातील कामावर आणि सिॲटलमधील एका भव्य काचचित्रावर आधारलेली आहे.

जन्म यामानाशी प्रांतात कावागुची सरोवराकाठच्या ओइशी गावी, फूजी पर्वताच्या परिसरात. शाळकरी वयात सुमी म्हणजे काळ्या शाईच्या निसर्गचित्रणाचे पारंपरिक शिक्षण मिळाले. त्या वयात एका चित्रस्पर्धेत बक्षीस मिळाल्याचा उल्लेख त्यांच्या बहुतेक चरित्रांत येतो. वडील आधीच अमेरिकेत रेल्वेच्या कामावर होते. १९२० च्या सुमारास होरिउची त्यांच्याकडे वायोमिंग राज्यातील रॉक स्प्रिंग्ज या कोळशाच्या खाणींच्या गावी गेले. पुढे लवकरच वडील वारले. मुलगा युनियन पॅसिफिक रेल्वेत कामाला लागला आणि १९४२ पर्यंत तेथेच राहिला.

या काळात त्यांचे चित्र काढणे थांबले नव्हते. कामाचे तास सोडून उरलेल्या वेळात ते वायोमिंगच्या उजाड टेकड्या आणि रेल्वेच्या वस्त्या रंगवीत. मंदीच्या काळातील सरकारी कलायोजनेतून रॉक स्प्रिंग्जला आलेले चित्रकार व्हिन्सेंट कँपानेला यांच्याकडून त्यांना पाश्चात्त्य तैलचित्रणाची रीतसर ओळख झाली. सिॲटल आर्ट म्यूझियमच्या वार्षिक प्रदर्शनांतही त्यांची चित्रे लागली. त्यामुळे ‘पन्नाशीत अचानक चित्रकार झालेला कामगार’ हे त्यांचे लोकप्रिय वर्णन तितकेसे खरे नाही. हात सुटला नव्हता, सुटली होती ती सवड. १९३५ मध्ये बर्नाडेट सुदा यांच्याशी विवाह. सुमारे याच काळात त्यांनी कॅथलिक पंथ स्वीकारला आणि पॉल हे नाव घेतले.

युद्धकाळ : पर्ल हार्बरवरील जपानी हल्ल्यानंतर १९ फेब्रुवारी १९४२ रोजी राष्ट्राध्यक्षांचा ९०६६ क्रमांकाचा आदेश निघाला. त्यान्वये पश्चिम किनाऱ्यावरील जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत हलविण्यात आले. वायोमिंग या पट्ट्याबाहेर असल्याने होरिउची कुटुंबावर छावणीची सक्ती आली नाही. मात्र रेल्वेने जपानी कामगारांना काढून टाकले. नोकरीबरोबर कंपनीचे घरही गेले. पुढची काही वर्षे मिळेल ते काम करीत आणि काही काळ ट्रकवर उभारलेल्या खोलीत राहत त्यांनी बायकामुलांसह दिवस काढले. निदान अन्न आणि छप्पर मिळावे म्हणून त्यांनी स्वतःहून छावणीत प्रवेश मागितला व तो नाकारला गेला, असेही नमूद आहे. या धामधुमीत त्यांची आधीची पुष्कळशी चित्रे नष्ट झाली. त्यामुळे १९४२ पूर्वीच्या कामाचे मूल्यमापन थोड्याथोडक्या शिल्लक चित्रांवरूनच करावे लागते.

सिॲटल : १९४६ मध्ये कुटुंब सिॲटलला आले. होरिउची यांनी मोटारींचे पत्रे ठोकून सरळ करण्याचा, म्हणजे डेंटिंगचा व्यवसाय सुरू केला. पुढे तो बंद करून पतिपत्नींनी ‘तोझाई’ या नावाने जपानी जुन्या वस्तूंचे दुकान चालविले. या दुकानाचा त्यांच्या कलेशी जवळचा संबंध आहे, कारण जुने हातकागद, सुलेखनाचे तुकडे आणि घडीचे पडदे तेथे रोज हाताखालून जात.

याच शहरात त्यांना जपानी वंशाच्या चित्रकारांचा एक लहानसा गट मिळाला. त्यांतील केंजिरो नोमुरा (१८९६–१९५६) यांची हकीकत होरिउचींच्या हकिकतीला समांतर आहे. दुकानांच्या पाट्या रंगविण्याचा धंदा करणाऱ्या नोमुरांचे एकल प्रदर्शन १९३३ मध्ये, सिॲटल आर्ट म्यूझियम सुरू झाले त्याच वर्षी, तेथे भरले होते. युद्धात ते आयडाहोतील मिनिडोका छावणीत गेले आणि सुटकेनंतर त्यांनी कुंचला खाली ठेवला. होरिउचींच्या आग्रहामुळे ते पुन्हा रंगवू लागले आणि अखेरच्या वर्षांत अमूर्त चित्रणाकडे वळले. शिल्पकार जॉर्ज त्सुताकावा आणि चित्रकार जॉन मात्सुदैरा हे या गटातील आणखी दोघे. नागरिकत्वाचा प्रश्न होरिउची व नोमुरा या दोघांच्याही आयुष्यावर सावटासारखा होता. १९२२ च्या ओझावा खटल्यातील निकालाने जपानमध्ये जन्मलेल्यांना अमेरिकन नागरिक होण्यास अपात्र ठरविले होते. ही अट १९५२ च्या कायद्याने उठली. होरिउची त्यानंतर अमेरिकन नागरिक झाले.

ज्येष्ठ चित्रकार मार्क टोबी यांच्याशी त्यांची मैत्री याच काळातली. टोबींच्या सहवासात आणि शहरातील एका झेन बौद्ध अभ्यासमंडळात जपानी परंपरेकडे परत पाहण्याची दृष्टी मिळाली, असे समीक्षक सांगतात. एका जपानी माणसाला झेनकडे वळविण्यात अमेरिकन चित्रकाराचा वाटा असावा, यात तत्कालीन सिॲटलचे वातावरण दिसते. होरिउची मात्र अखेरपर्यंत कॅथलिक राहिले. त्यांच्या चित्रांतील ‘झेन’ किती आणि समीक्षकांनी त्यांत पाहिलेले किती, यावर एकमत नाही.

कोलाज : १९५५ च्या आसपास सिॲटलच्या चिनी वस्तीतील एका सूचनाफलकाने त्यांचे लक्ष वेधले. थरावर थर चिकटविलेली पत्रके पावसाने भिजून, फाटून, लोंबत होती. वरच्या कागदाच्या चिरेतून खालचा लाल, त्याखालची शाईची अक्षरे दिसत होती. येथून त्यांच्या कोलाजची सुरुवात मानली जाते. ते स्वतःही हा प्रसंग सांगत.

त्यांची पद्धत वर्तमानपत्राची वा छापील कात्रणे चिकटविण्याच्या युरोपीय कोलाजहून वेगळी होती. कागद आयता न वापरता तो ते आधी रंगवून घेत. तुतीच्या कुळातील कोझो झाडाच्या सालीपासून केलेल्या जपानी कागदाला केसीन रंग, म्हणजे दुधातील प्रथिनात घोटलेला अपारदर्शक रंग, देऊन ते ताव वाळवीत. मग कात्री न लावता हाताने फाडीत. कोझोचे तंतू लांब असतात, त्यामुळे फाडलेली कड सरळ येत नाही. रंगाचा थर एका रेषेवर तुटतो, तंतू त्याच्या पुढे निघतात आणि रंगीत क्षेत्राभोवती बिनरंगी, लवदार किनार उरते. ही किनारच होरिउचींच्या चित्रातील रेषा होय. सुमी चित्रात कोरड्या कुंचल्याचा फटकारा जे काम करतो, ते येथे फाटलेल्या कडेने केले आहे. शाईच्या शिक्षणाचा त्यांच्या प्रौढ कलेशी खरा दुवा विषयात वा प्रतीकांत शोधण्यापेक्षा या कडेत शोधावा, असे प्रस्तुत नोंदकाराचे मत आहे.

आकारांची मांडणी बहुधा मोठ्या, संथ पट्ट्यांची असते. काळपट निळा, गेरू, राखी आणि मातकट पांढरा अशा रंगांत एखादाच लाल वा नारिंगी तुकडा ठेवलेला असतो. काही कोलाजांत जुन्या सुलेखनाचे कागद वाचता येणार नाहीत असे उलटे किंवा अर्धवट झाकून बसविलेले आढळतात. घडीच्या पडद्यांवरही त्यांनी कोलाज केले. छापील प्रतीत हे काम सपाट रंगचित्रासारखे दिसते. कागदाचे थर आणि त्यांच्या बारीक सावल्या मूळ कलाकृतीतच कळतात.

१९५७ मध्ये झोई ड्यूसॅन यांच्या सिॲटलमधील कलादालनात पहिले एकल प्रदर्शन भरले. येथून पुढे त्यांचा चरितार्थ कलेवर चालू लागला. वय ५१.

‘सिॲटल म्यूरल’ (१९६२) : सिॲटलच्या जागतिक प्रदर्शनासाठी वास्तुविशारद पॉल थायरी यांच्या पुढाकाराने हे काम होरिउचींकडे आले. मोकळ्या जागेत उभ्या असलेल्या, किंचित वक्र भिंतीवर सुमारे ६० फूट लांब व १७ फूट उंच असे हे चित्र व्हेनिसच्या रंगीत काचतुकड्यांत केले आहे. फाटक्या कागदाची कड काचेत उतरविणे हा यातील अवघड भाग. कागदाचा तंतू जेथे विरतो, तेथे काचेला ठाम सीमा असते. होरिउचींनी रंगांच्या अनेक छटा शेजारीशेजारी बसवून ती सीमा सौम्य केली. तरीही कोलाजमधील नाजूकपणा येथे उरलेला नाही, त्याची जागा उत्सवी झळाळीने घेतली आहे. स्पेस नीडल या मनोऱ्याच्या पायथ्याजवळील या भिंतीपुढे खुला रंगमंच असून समोरच्या हिरवळीवर प्रेक्षक बसतात. परिणामी ही कलाकृती असंख्य लोकांनी पाहिली आहे, बहुतेकांनी गाण्याच्या कार्यक्रमाची पार्श्वभूमी म्हणून.

मूल्यमापन : ‘पूर्व-पश्चिम संगम’ ही होरिउचींविषयी सर्रास वापरली जाणारी पदवी. तिने त्यांचे काम ओळखीचे केले, पण दृष्टीआडही केले. १९५३ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकाने टोबी, मॉरिस ग्रेव्ह्‌ज, केनेथ कॅलहन व गाय अँडरसन यांना वायव्येचे गूढवादी चित्रकार म्हणून गाजविले. होरिउचींची गणना त्यांच्यामागोमाग होते आणि टोबींचे अनुयायी असा शिक्का त्यांच्यावर बसतो. टोबींचा प्रभाव नाकारण्याचे कारण नाही. मात्र टोबींची चित्रे बारीक, अखंड धावणाऱ्या रेषांनी भरलेली, तर होरिउचींची जड, थांबलेल्या आकारांची. दोघांचे काम शेजारी ठेवल्यास गल्लत होण्याजोगे नाही. न्यूयॉर्ककेंद्री कलेतिहासात त्यांना मिळालेली जागा तोकडी आहे.

उत्तरायुष्य : १९७० नंतरही काम चालू होते, त्यात मोठा पालट नाही.

सन्मान : जपान सरकारचा ‘ऑर्डर ऑफ द सेक्रेड ट्रेझर’ (१९७६) तसेच मानद डॉक्टरेट.

अखेरच्या काळात त्यांना स्मृतिभ्रंशाने ग्रासले. निधन सिॲटल येथे. २००८ मध्ये बार्बरा जॉन्स यांनी लिहिलेला त्यांच्यावरील सचित्र ग्रंथ प्रसिद्ध झाला. सिॲटल आर्ट म्यूझियममध्ये त्यांचे कोलाज संग्रहित आहेत. ‘सिॲटल म्यूरल’ची डागडुजी २०११ मध्ये करण्यात आली.