घरगुती मत्स्यालय (धाराशिव जिल्हा)

घरगुती मत्स्यालय : काचेच्या टाकीतल्या मोजक्या पाण्यात मासे, पाणवनस्पती आणि डोळ्यांना न दिसणारे जिवाणू एकत्र जगवण्याची व्यवस्था, रोजच्या बोलण्यात ‘फिशटँक’. वनस्पती, गोगलगायी आणि मासे एकमेकांच्या आधाराने जगू शकतात, हे रॉबर्ट वॉरिंग्टन या इंग्रज रसायनतज्ज्ञाने १८५०च्या सुमारास दाखवले. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातले मत्स्यालय १८५३चे, तर मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१चे. मासे निरखण्याची परंपरा मात्र धाराशिवच्या परिसरात त्याहून पुष्कळ जुनी आहे. उमरग्याच्या पलीकडे, आजच्या बसवकल्याण येथे चालुक्यांची राजधानी होती. तेथील राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ हे प्रकरण आहे. त्याचा विषय गळाने मासे धरण्याचा असला, तरी मासा समुद्रातला की नदीतला, खवल्यांचा की बिनखवल्यांचा, तो काय खातो, हे त्यात नोंदले आहे. मासा आधी त्याच्या पाण्यावरून ओळखायचा, ही दृष्टी धाराशिवच्या फिशटँकलाही तितकीच लागू पडते. येथे टाकी निरोगी राहते ती महागड्या उपकरणांमुळे नव्हे, तर घरात येणाऱ्या पाण्याला मानवणारे मासे निवडल्यामुळे.

जिल्हा बालाघाटाच्या डोंगररांगेवर, काळ्या बेसाल्ट खडकावर वसला आहे. खडकाच्या भेगांतून झिरपत खोल गेलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार उतरतात, म्हणून बोअरचे पाणी जड असते. गीझरच्या कॉइलवर बसणारा पांढरा थर हा त्याचाच पुरावा. धाराशिव शहराला उजनी धरणाचे पाणी जलवाहिनीने मिळते, पण टंचाईत घरोघरी बोअर आणि टँकरचाच आधार असतो. अशा जड, किंचित अल्कधर्मी पाण्यात गप्पी, मॉली, प्लॅटी आणि स्वोर्डटेल उत्तम राहतात. आफ्रिकेतल्या मलावी आणि टांगानिका सरोवरांतले सिक्लिडही या पाण्यात रमतात, मात्र त्यांना मोठी टाकी लागते. डिस्कस किंवा निऑन टेट्रा हे ॲमेझॉनच्या खोऱ्यातले, मऊ आणि आम्लधर्मी पाण्याचे मासे. ते येथे काही दिवस दिसतात छान, पण त्यांच्या शरीरावर क्षारांचा ताण सतत राहतो.

पाण्याचे महत्त्व अमोनियापाशी सर्वांत स्पष्ट होते. माशांच्या कल्ल्यांतून, विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि दुसरे नायट्राइटचे नायट्रेट. पहिली दोन द्रव्ये घातक, नायट्रेट त्या मानाने सौम्य. ही जिवाणूंची वस्ती फिल्टरच्या स्पंजवर आणि खडीवर जमायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. टाकी भरली त्याच दिवशी दहा मासे सोडले की दुसऱ्या आठवड्यात ते एकामागून एक मरतात, त्याचे कारण बहुधा हेच. त्यातही अमोनियाचा खरा विषारी अंश पाण्याच्या सामूवर, म्हणजे पीएचवर अवलंबून असतो. २५ अंश तापमानाला सामू ७ असेल तर एकूण अमोनियाच्या एक टक्क्याहून कमी भाग विषारी रूपात असतो. सामू ८ झाला की तो पाच टक्क्यांवर जातो आणि त्याच सामूला ३० अंशांवर सात टक्क्यांपुढे. म्हणजे धाराशिवच्या पाण्यात खाद्य जरा जास्त पडल्याची चूक मऊ पाण्याच्या गावापेक्षा कितीतरी महाग पडते. म्हणून येथे मासे कमी ठेवावेत, खाद्य दोन मिनिटांत संपेल इतकेच द्यावे आणि फिल्टरचा स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा. क्लोरीन असलेल्या नळाच्या धारेखाली धुतला तर जिवाणूंची वस्तीच मरते.

जड पाण्यावर एक सरळ उपाय सुचवला जातो : पिण्यासाठी जारचे शुद्ध, म्हणजे आरओ यंत्राने क्षार काढलेले पाणी मिळतेच, तेच टाकीत भरावे. हा सल्ला चुकीचा आहे. अमोनियाचे नायट्रेट होताना आम्ल तयार होते आणि ते पाण्यातल्या बायकार्बोनेटला खाते. जड पाण्यात हा साठा भरपूर असल्याने सामू स्थिर राहतो. आरओच्या पाण्यात तो जवळजवळ नसतो, त्यामुळे सामू एकाएकी घसरतो आणि जिवाणूंचे काम थांबते. ज्या क्षारांना आपण दोष देतो, तेच टाकीला सांभाळतात. शिवाय आरओ यंत्र पाणी गाळताना बरेचसे बाहेर टाकते, आणि टँकरची वाट पाहणाऱ्या गावात ते परवडणारे नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : दुकानातले मासे चेन्नईतल्या कोळत्तूरसारख्या पैदास केंद्रांतून येतात, त्यांना नदीच्या मूळ पाण्याचे काय? पिढ्यान्‌पिढ्या टाकीत वाढलेल्या जाती अधिक सहनशील झाल्या आहेत हे खरे. एंजल हे त्याचे चांगले उदाहरण. पण सहन करणे आणि पिलांसह नांदणे यांत फरक आहे. पाण्यातला अचानक बदल तर सहनशील मासाही सोसत नाही. म्हणून पिशवीतल्या माशांत अर्धा-पाऊण तास थेंबथेंब टाकीचे पाणी मिसळत जावे, आणि नव्या टँकरचे पाणी एकदम अर्धी टाकी कधीच भरू नये.

उपकरणांत येथे उन्हाळा निर्णायक ठरतो. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो तो ३५ अंशांना ७च्याही खाली येतो. गोल्डफिश हा थंड पाण्याचा मासा. गोल बरणीत, पंपाविना, या दिवसांत त्याला ठेवणे ही निव्वळ क्रूरता आहे. एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर स्वस्त असून गाळणे आणि हवा देणे ही दोन्ही कामे करतो. पंप काही वॉटचाच असल्याने वीज गेली तरी इन्व्हर्टरवर रात्रभर चालतो. साठ-सत्तर लिटरच्या, म्हणजे साधारण सव्वादोन फुटी टाकीला तो पुरेसा आहे. पाण्याच्या पृष्ठभागावर छोट्या पंख्याचा वारा सोडला की कोरड्या हवेत बाष्पीभवनाने तापमान दोन-तीन अंश उतरते. दमट कोकणात हाच उपाय तितका चालत नाही. हीटर डिसेंबर-जानेवारीच्या रात्रींपुरता, लिटरला एक वॉट या हिशेबाने. टाकी खिडकीच्या उन्हात ठेवू नये, नाहीतर पाणी तापते आणि काचेवर शेवाळ धरते.

दुष्काळी जिल्ह्यात फिशटँक म्हणजे पाण्याची चैन, हा आक्षेप गांभीर्याने घेतला पाहिजे. साठ लिटरच्या टाकीतले आठवड्याला वीस टक्के पाणी बदलायचे म्हणजे बारा लिटर, एका बादलीहून कमी. शिवाय काढलेल्या पाण्यात नायट्रेट असल्याने तुळशीला, गुलाबाला ते खतासारखे लागू पडते. खरी काळजी वाफेची घ्यावी : पाणी उडते, क्षार मागे राहतात. प्रत्येक वेळी उडालेल्या पाण्याच्या जागी बोअरचेच पाणी घातले तर जडपणा महिन्यागणिक वाढत जातो. ही घट स्वच्छ छतावरून साठवलेल्या पावसाच्या पाण्याने किंवा तेवढ्यापुरत्या जारच्या पाण्याने भरावी, बदलाचे पाणी मात्र नेहमीचेच. नळाचे पाणी असेल तर उघड्या बादलीत दिवसभर ठेवून वापरावे, किंवा दुकानात ‘हायपो’ म्हणून मिळणारे सोडियम थायोसल्फेट बेतानेच घालावे.

टंचाईच्या वर्षी टाकी बंद करावी लागली तर मासे दुकानदाराला किंवा दुसऱ्या पाळणाऱ्याला द्यावेत. विहिरीत, तेरणा नदीत किंवा तलावात सोडू नयेत. बाहेरून आलेला तिलापिया, मच्छीमारांचा ‘चिलापी’, उजनीत कसा माजला हे भीमेकाठचे मच्छीमार जाणतात. काच साफ करायला आणलेला सकर मासाही वाढून टाकीत मावेनासा होतो आणि मग जलाशयात सोडला जातो. भारतातल्या अनेक तलावांत तो असाच पोहोचला आहे. आरोग्य विभाग डासांच्या अळ्यांसाठी पाणसाठ्यांत गप्पी सोडतो हे खरे, पण कोणत्या साठ्यात सोडायचे हा निर्णय त्या यंत्रणेचा. घरची टाकी रिकामी करण्याची ती वाट नव्हे.