मॅरेथॉन शर्यतीचे अंतर

मॅरेथॉन ही ४२.१९५ किलोमीटर (२६ मैल ३८५ यार्ड) अंतराची धावण्याची शर्यत आहे. हे अंतर प्राचीन ग्रीसपासून चालत आलेले नसून १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमधील मार्गावरून १९२१ मध्ये प्रमाणित करण्यात आले. त्यापूर्वीच्या शर्यतींचे अंतर वेगवेगळे असल्याने त्यांतील वेळांची आजच्या वेळांशी थेट तुलना करता येत नाही.

उगम

मॅरेथॉनच्या रणभूमीवरून अथेन्सला विजयाची वार्ता नेणाऱ्या दूताच्या आख्यायिकेवरून फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ मिशेल ब्रेआल यांनी ही शर्यत सुचविली. १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये ती सुमारे ४० किलोमीटरची होती. ग्रीसचे स्पिरिडॉन लुई २ तास ५८ मिनिटे ५० सेकंदांत विजयी झाले.

लंडन, १९०८

२४ जुलै १९०८ रोजी झालेली शर्यत विंडसर किल्ल्याच्या आवारातून सुरू झाली. तेथून क्रीडागारापर्यंत २६ मैल आणि आत राजपरिवाराच्या आसनांसमोरील अंतिम रेषेपर्यंत ३८५ यार्ड (सुमारे ३५२ मीटर) असा मार्ग होता. इटलीचे डोरांडो पिएत्री क्रीडागारात सर्वप्रथम पोहोचले. मात्र थकव्यामुळे ते चुकीच्या दिशेने वळले व अनेकदा कोसळले. पंचांनी आधार दिल्याने त्यांनी अंतिम रेषा प्रथम ओलांडली, परंतु अमेरिकेच्या आक्षेपानंतर ते अपात्र ठरले. सुवर्णपदक अमेरिकेच्या जॉनी हेज यांना मिळाले. राणी अलेक्झांड्रा यांनी पिएत्री यांचा चषक देऊन गौरव केला.

प्रमाणीकरण

लंडनचे अंतर लगेच रूढ झाले नाही. १९१२ ची स्टॉकहोम येथील शर्यत ४०.२ किलोमीटरची, तर १९२० ची अँटवर्प येथील ४२.७५ किलोमीटरची होती. आंतरराष्ट्रीय अ‍ॅथलेटिक्स महासंघाने १९२१ मध्ये ४२.१९५ किलोमीटर हे अंतर निश्चित केले. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकपासून प्रत्येक ऑलिंपिकमध्ये तेच अंतर कायम आहे.

भारतीय सहभाग

अँटवर्पच्या शर्यतीत बेळगावचे फडेप्पा चौगुले २ तास ५० मिनिटे ४५ सेकंद वेळेसह एकोणिसावे आले. ते प्रमाणित अंतरापेक्षा ५५५ मीटर अधिक धावले. त्यांच्या सरासरी वेगाने हिशेब केल्यास या जादा अंतरासाठी सुमारे सव्वादोन मिनिटे लागली. नोंदवहीत केवळ वेळ पाहणाऱ्यास हा फरक दिसत नाही.

मोजमाप व विक्रम

रस्त्यावरील मार्ग विशेष गणकयंत्र बसविलेल्या सायकलने, धावपटू घेऊ शकेल अशा सर्वांत जवळच्या रेषेने मोजतात. मार्ग अपुरा ठरू नये म्हणून मोजणीत प्रत्येक किलोमीटरमागे एक मीटर जादा धरतात. संपूर्ण शर्यतीत ही वाढ सुमारे ४२ मीटर होते. विश्वविक्रमासाठी आरंभ व अंतिम रेषा यांतील सरळ अंतर शर्यतीच्या निम्म्याहून अधिक नसावे आणि एकूण उतार किलोमीटरमागे सरासरी एक मीटरपेक्षा जास्त नसावा, असे नियम आहेत. त्यामुळे केनियाचे जेफ्री मुताई यांनी २०११ मध्ये बोस्टन येथे नोंदविलेली २ तास ३ मिनिटे २ सेकंद ही वेळ, तेव्हाच्या विश्वविक्रमापेक्षा सरस असूनही, विक्रम म्हणून ग्राह्य धरली गेली नाही.