रोगप्रतिकारक पेशींचे आयुर्मान

अलेक्सिस कॅरेल यांनी १९१२ साली न्यूयॉर्क येथे कोंबडीच्या भ्रूणहृदयातील पेशींचे संवर्धन आरंभिले. ते १९४६ पर्यंत चालले. त्यावरून शरीराबाहेर पेशी अमर असते हे मत रूढ झाले. कॅरेल नोबेल पारितोषिकाचे मानकरी. शंका घेण्यास कोण धजणार? पोषणार्थ घातलेल्या भ्रूणार्कातून नव्या पेशी मिसळत असाव्यात, हा तर्क पुढे हेफ्लिक यांनी मांडला. त्यांनीच मूरहेड यांच्यासह १९६१ मध्ये, मानवी पेशी सुमारे ५० वेळा दुणावून थांबतात, असे दाखविले होते.

या मर्यादेचे कारण ओलोव्हनिकोव्ह यांनी १९७१ साली रंगसूत्रांच्या झिजणाऱ्या टोकांत शोधिले. ही झीज भरून काढणारे टेलोमेरेझ हे विकर १९८४ च्या अखेरीस ग्रायडर व ब्लॅकबर्न यांना आढळले.

रोगप्रतिकारक टी-पेशींचे प्रकरण मात्र निराळे आहे. उद्दीपन होताच त्या स्वतःच टेलोमेरेझ निर्माण करतात. वारंवार उद्दीपनाने ती शक्ती ओसरते. दीर्घकालीन विषाणुसंसर्गात नेमके हेच घडते. तेव्हा पेशी जगविणे पुरेसे नाही, ती कार्यक्षम राहिली पाहिजे. २००४ साली लॉस एंजेलिस येथे रीटा एफ्रॉस यांच्या गटाने एचआयव्ही-विरोधी टी-पेशींत टेलोमेरेझचे जनुक घातले असता त्यांचे विभाजन लांबले आणि संवर्धनात विषाणूस रोखण्याची क्षमताही टिकून राहिली. परंतु हेच विकर बहुतेक कर्कपेशींत सक्रिय असते, हे १९९४ मध्येच दिसले होते. २००८ साली याच गटाने जनुकाऐवजी एका वनस्पतिजन्य द्रव्याने टेलोमेरेझ तात्पुरते चेतविण्याचा मार्ग अवलंबिला.