बटाट्याची फोड आणि खारपाणपट्टा

परासरणाच्या प्रयोगाला प्रयोगशाळा लागत नाही. एकाच बटाट्याच्या सारख्या लांबीच्या दोन फोडी घ्याव्यात. एक साध्या पाण्यात, दुसरी तीन चमचे मीठ विरघळवलेल्या पेलाभर पाण्यात ठेवावी. तीन-चार तासांनी पहिली ताठ लागते, दुसरी बोटावर वाकते. मिठाने पाणी ओढले, असे विद्यार्थी सांगतात. एवढेच नीट सांगायला शास्त्रज्ञांना सुमारे एकशे चाळीस वर्षे लागली.

१७४८ मध्ये फ्रान्समध्ये आबे नोले यांनी मद्यार्काने भरलेल्या बाटलीचे तोंड प्राण्याच्या मूत्राशयाच्या पडद्याने बांधून ती पाण्यात बुडवली. हेतू भलताच होता : मद्यार्काला हवा लागू नये! काही तासांनी पडदा फुगला. टोचताच आतला द्रव कारंज्यासारखा उडाला. पाणी आत शिरत होते, मद्यार्क मात्र सहजी बाहेर पडत नव्हता. द्युत्रोशे यांनी १८२६च्या सुमारास हा धागा सजीवांच्या पेशींशी जोडला. १८७७ मध्ये फेफर यांनी परासरणदाब मोजून दाखवला, व्हांट हॉफ यांनी त्याचे गणित मांडले. १९०१चे रसायनशास्त्रातील पहिले नोबेल व्हांट हॉफ यांना मिळाले, त्यात या कामाचा मोठा वाटा होता.

मराठीत परासरणाला ‘तर्षण’ असाही शब्द आहे, तहानेच्या ‘तृष्’ धातूवरचा. आम्हांला तो अधिक आवडतो. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या बुलडाणा जिल्ह्यातील तालुक्यांना तर तो फार लागू पडतो. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील या खारपाणपट्ट्यात विहिरीला पाणी असूनही पीक तहानलेले राहते. विहिरीच्या पाण्यात बटाट्याची फोड वाकेलच असे नाही. आपल्या पेल्यातले मीठ त्याहून पुष्कळ जास्त असते. पण शेतातला ओलावा उडून जातो, क्षार मागे राहतात आणि मुळांभोवतीचे द्रावण दाट होत जाते. मुळांना पाणी खेचणे जड जाते. (सोडियममुळे काळी माती घट्ट होते, हे दुखणे वेगळे, त्याचा दोष परासरणावर घालू नये.)

द्रावणावर परासरणदाबाहून अधिक दाब दिला, तर पाणी उलट दिशेने वाहते. त्यासाठी उपयोगी पडणारा पडदा १९६०च्या आसपास कॅलिफोर्निया विद्यापीठात लोब आणि मूळचे भारतीय असलेले सौरीराजन यांनी तयार केला. ‘आर. ओ.’ यंत्रात हेच घडते. गोडे पाणी एका नळीने येते, उरलेले अधिक खारे पाणी दुसऱ्या नळीने जाते. गावात असे यंत्र असेल, तर ती दुसरी नळी कुठे उघडते हे वर्गाने एकदा पाहून यावे.