अंतर्गत सजावटीचे कंत्राट (हुडकेश्वर, नागपूर)

घरातील फर्निचर, फॉल्स सिलिंग, वीजजोडणी, रंगकाम व स्वयंपाकघराची मांडणी ही कामे कोणी, कोणत्या मालात, कोणत्या दराने आणि कधीपर्यंत करायची याविषयी घरमालक व कंत्राटदार यांच्यात होणारा ठराव.

हुडकेश्वर व शेजारचे नरसाळा ही दक्षिण नागपुरातील गावे २०१३ मध्ये महापालिकेच्या हद्दीत आली. म्हाळगीनगर चौकातून पुढे गेलेल्या हुडकेश्वर रोडच्या आजूबाजूला लेआउट पडले आणि प्लॉट घेऊन स्वतः घर बांधणाऱ्यांची वस्ती वाढली. अशा घरात मध्ये बिल्डर नसतो. स्लॅब पडून प्लास्टर झाले की मालकच सुतार, इलेक्ट्रिशियन आणि पेंटर यांना बोलावतो, किंवा सगळे एका इंटिरिअरवाल्याकडे सोपवतो. ‘वास्तुविशारद’ या पदवीला १९७२ च्या कायद्याने नोंदणीचे संरक्षण आहे. इंटिरिअर डिझायनर म्हणवून घ्यायला तशी कोणतीही कायदेशीर नोंदणी लागत नाही. त्यामुळे मालकाचा खरा आधार म्हणजे लेखी करार, आणि नेमका तोच बहुतेक घरांत एका पानाच्या कोटेशनवर आटोपला जातो.

मोजमाप. भांडणे दरावरून कमी आणि मोजणीवरून जास्त होतात. सात फूट रुंद, सात फूट उंच व दोन फूट खोल असे एक कपाट घेऊ. समोरून मोजले तर ते ४९ चौरस फूट भरते. लागलेला बोर्ड मोजला तर शटर ४९, दोन बाजू २८, पाठ ४९, वरची-खालची फळी २८ आणि मधला एक उभा पडदा १४, म्हणजे १६८ चौरस फूट होतात. आतले कप्पे वेगळेच. कोटेशनवर ‘दर चौरस फुटाला अमुक’ एवढेच लिहिले असेल, तर दोघेही आपापल्या परीने खरे बोलत असतात आणि बिलात तिपटीहून अधिक फरक निघतो. म्हणून ‘समोरील क्षेत्रफळ, आतील कप्पे धरून, माळा वेगळा’ असे एक वाक्य दराच्या शेजारी हवेच.

किचन रनिंग फुटात मोजतात. एल आकाराच्या ओट्यात एक भिंत दहा फूट आणि दुसरी आठ फूट असली, तर बेरीज अठरा होते. ओटा दोन फूट खोल असेल तर कोपऱ्याचा चौकोन त्यात दोनदा येतो आणि प्रत्यक्ष काम सोळा फूट भरते. रंगकामात दारे-खिडक्या वजा करायच्या की नाही हा नेहमीचा वाद. यासाठी भारतीय मानक आयएस १२०० मध्ये नियम आहे: अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचे उघडे भाग वजा करायचे नाहीत, त्याहून मोठे पण तीन चौरस मीटरपर्यंतचे एका बाजूने वजा करायचे. खासगी घरांत हे मानक क्वचितच वापरले जाते. करारात त्याचा नुसता उल्लेख केला तरी अर्धा वाद मिटतो.

दर मागवणे. राज्याचा सार्वजनिक बांधकाम विभाग निविदा तीन प्रकारांत काढतो: बी-१ म्हणजे अंदाजपत्रकावर टक्केवारीने, बी-२ म्हणजे बाबनिहाय दराने आणि सी म्हणजे एकरकमी. घरगुती कामाला बी-२ ची पद्धत सर्वांत सोयीची, कारण कामाचे प्रमाण बदलले तरी दर तोच राहतो. तीन जणांकडून कोटेशन घ्यायचे असेल तर आधी बाबींची यादी मालकाने किंवा डिझायनरने तयार करून तिघांनाही तीच द्यावी. प्रत्येकाने आपापल्या यादीवर दिलेल्या रकमा शेजारी ठेवून काहीच कळत नाही. स्वस्त दिसणाऱ्या कोटेशनात बहुधा चॅनेल, बिजागऱ्या, हँडल किंवा १८ टक्के जीएसटी धरलेला नसतो.

माल. ‘चांगले प्लायवूड’ या शब्दांना कराराच्या दृष्टीने किंमत नाही. साधारण वापराचे प्लायवूड आयएस ३०३ खाली आणि मरीन प्लायवूड आयएस ७१० खाली येते. शीटवर मानकाचा क्रमांक व परवाना क्रमांक छापलेला असतो. कंपनी, मानक, जाडी, बाहेरील व आतील लॅमिनेटची जाडी हे सगळे लिहावे. फक्त मजुरीवर काम दिले आणि मालकाने लकडगंजच्या लाकूडबाजारातून माल आणला, तर वाया जाणाऱ्या तुकड्यांची जबाबदारी कोणाची हेही ठरवावे. वर सांगितलेल्या कपाटाला आठ बाय चारच्या १८ मिमीच्या साधारण पाच शीट लागतात, पाठीसाठी पातळ दोन. नीट कापणीचा कागद आधी काढणारा सुतार सहावी शीट मागत नाही.

वेळापत्रक. विजेच्या झिरी, एसीचे पाइप आणि नळकाम आधी. मग सिलिंगचा सांगाडा, पुट्टीचा पहिला हात, लाकूडकाम, लॅमिनेट, आणि रंगाचा शेवटचा हात सर्वांत शेवटी. हा क्रम मोडला की केलेले काम पुन्हा फोडावे लागते. विदर्भाचे हवामानही हिशेबात धरावे लागते. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा लाकूड आक्रसते, पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात घट्ट बसवलेले दार जुलैत अडते. ओल न सुकलेल्या नव्या भिंतीला कपाट चिकटवले तर पाठीमागे बुरशी येणारच.

मुदत अढळ असली की नियोजन कसे करावे लागते याचे मोठे उदाहरण नागपुरातच आहे. १९५३ च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचे अधिवेशन येथे भरते आणि त्याआधी रविभवन, नागभवन, आमदार निवास या शासकीय निवासस्थानांतील रंगरंगोटी व दुरुस्तीची कामे निविदा काढून उरकली जातात. घरमालकाची अशी अढळ तारीख म्हणजे वास्तुशांती. तिच्या आधी पंधरा दिवस तरी मोकळे ठेवून करारातील मुदत लिहिणे शहाणपणाचे.

पैसा व कायदा. पैसे दिवसांवर न देता टप्प्यांवर द्यावेत: माल साइटवर आल्यावर, बॉक्स उभे राहिल्यावर, लॅमिनेट झाल्यावर. शेवटचा हप्ता दोष दुरुस्त होईपर्यंत राखून ठेवावा, मात्र तो किती आणि किती महिन्यांसाठी हे आधीच मान्य झालेले असावे. कारागिराचे पैसे अडकवून ठेवणे हा मालकाचा हक्क नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७० नुसार फुकट करण्याचा हेतू नसताना केलेल्या आणि समोरच्याने लाभ घेतलेल्या कामाचा मोबदला द्यावा लागतो. ‘जाता जाता एक शेल्फ करून द्या’ म्हणून सांगितलेले जादा काम यात येऊ शकते. उशिरासाठी दंड लिहिला असला तरी कलम ७४ खाली न्यायालय तेवढ्या मर्यादेत वाजवी भरपाईच देते.

तोंडी करारही कायद्याने वैध असतो, पण तो सिद्ध करणे अवघड. व्हॉट्सॲपवर पाठवलेले कोटेशन, त्यावरचे ‘चालेल’ आणि बँकेतून दिलेला ॲडव्हान्स हे पुरावे म्हणून मांडता येतात. घरगुती काम निकृष्ट झाले तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा आयोगाकडे जाता येते. दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असावा लागतो आणि वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करावी लागते. तक्रारीसोबत बाबींची यादी, दोघांच्या सहीचे मोजमाप आणि त्या त्या टप्प्यावरचे फोटो जोडावेत.