शाळूचा पोंगा आणि घरचं बी

कर्जत, जामखेड, श्रीगोंदा, पाथर्डीकडं शाळू उगवला, की दोन-तीन आठवड्यांत काही रोपांचा मधला पोंगा वाळतो. ओढला की अलगद हातात येतो. हीच पोंगेमर. ती करणारी खोडमाशी घरमाशीहून लहान असते. पानाच्या खालच्या अंगाला ती एकेक पांढरं अंडं घालते. अळी सरकत पोंग्यात उतरते आणि वाढीचा कोंबच कापते.

या माशीपुढं आपली गावरान ज्वारी कशी टिकली, ते आज पाहू.

१९३० च्या दशकात सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळला गावरान मालदांडीतून निवड करून ‘मालदांडी ३५-१’ हे वाण तयार झालं. म्हणजे मूळ बी शेतकऱ्यांच्या घरचंच. आपल्या आज्या-पणज्यांनी कणसं निवडून जपलेलं.

१९६४ मध्ये देशातलं ज्वारीचं पहिलं संकरित वाण आलं, सीएसएच-१. खरिपाचं उत्पन्न वाढलं, ‘हायब्रीड’ शब्द घरोघरी गेला. पण पेरणी लांबली की खोडमाशी त्यावर तुटून पडायची. पुढं रब्बीसाठीही संकरित वाणं आली. मात्र माशी, भाकरी आणि कडबा या तिन्ही बाबतींत शेतकऱ्यांनी मालदांडीच धरून ठेवली.

शास्त्रज्ञांनी कारण शोधलं. ज्या वाणांच्या कोवळ्या पानांना चकाकी असते आणि पानांवर बारीक लव असते, त्यांवर माशी अंडी कमी घालते. लवेमुळं अळीलाही सरकणं अवघड जातं. माशी अजिबात लागत नाही असं नाही, पण कमी लागते. १९६८ मध्ये स्थापन झालेल्या आपल्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं पुढं रब्बीची वाणं दिली: हलक्या रानाला फुले अनुराधा, मध्यम रानाला फुले सुचित्रा, भारी रानाला फुले वसुधा.

या इतिहासातून आपण काय घ्यायचं? खळ्यावर नुसतं मोठं कणीस पाहून बी धरलं, तर त्या ताटाचा पोंगा लहानपणी मेला होता का, हे कळत नाही. पोंगा मेला की बुडातून फुटवे येतात. म्हणून विरळणी करतानाच मेलेले पोंगे उपटून नष्ट करू. धडधाकट ताटांना चिंधी बांधू आणि बियाणं त्यांचंच धरू. वाचलेलं प्रत्येक ताट चिवट असेलच असं नाही, पण वर्षानुवर्षं निवडत गेलं की बी सुधारतं. पेरणीही १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरच्या आत उरकू.

मालदांडी अशाच निवडीतून आली. ती निवड आपल्या हातातून सुटू देऊ नका.