उत्तराचं पाकीट

आजचा भाग एका जुन्या छंदावर. निवृत्त खेळाडूला पत्र लिहायचं, सोबत फोटो ठेवायचा, आणि सही करून परत पाठवा अशी विनंती करायची.

अमेरिकेत हे बेसबॉल कार्डांवर चालतं. ही कार्डं एकोणिसाव्या शतकात सिगरेटच्या पाकिटांतून आली, पुढे बबलगमसोबत मिळू लागली. तिकडचे शौकीन ती म्हाताऱ्या खेळाडूंना पोस्टाने पाठवतात. आत स्वतःचा पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं दुसरं पाकीट. खेळाडूने फक्त सही करायची आणि पेटीत टाकायचं.

आपल्याकडे कार्डं कुठली? माझा मामा अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होता. तो ‘एकच षटकार’मधले फोटो कापायचा, उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधून आणलेल्या पुठ्ठ्यावर चिकटवायचा आणि पाठवायचा. दहा पाठवले की तीन-चार यायचे, तेही कधी महिन्याने, कधी वर्षाने.

पत्त्याबाबत मामा फार कडक. पिनकोड 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झाला, आणि त्यामागचे अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपले मराठी, शिवाय संस्कृतचे कवी. अंबरनाथ 421501, आमचं बदलापूर 421503. मामा म्हणायचा, “बाळा, अक्षर वाकडं आलं तरी चालेल, आकडा चुकवू नकोस.”

परदेशी खेळाडूंचं गणित वेगळं. आपलं तिकीट तिकडे चालत नाही. त्यावर 1907पासून आंतरराष्ट्रीय उत्तर कूपन होतं. समोरच्याने ते त्याच्या पोस्टात दिलं की तिथलं तिकीट मिळायचं. सर डॉन ब्रॅडमन 1948मध्ये शेवटची कसोटी खेळले, 2001मध्ये गेले. मधली कितीतरी वर्षं ते अ‍ॅडलेडच्या घरी बसून जगभरच्या अनोळखी लोकांच्या पत्रांना उत्तरं देत होते.

आता मुद्द्याचं. मामाच्या बिस्किटाच्या डब्यात प्रत्येक सहीला तिचं पाकीट टाचलेलं आहे. लहानपणी मला वाटायचं, हा कचरा कशाला? आज कळतं. सही खोटी करता येते, छापता येते. पण पाकिटावर मामाचं अक्षर आहे आणि त्यावर खेळाडूच्या गावच्या पोस्टाचा शिक्का, तारखेसकट. आमच्या भाषेत टाइमस्टॅम्प. अमुक दिवशी हा माणूस जिवंत होता आणि त्याने एका अनोळखी कामगारासाठी दोन मिनिटं काढली, याचा तो पुरावा. इतिहास म्हणजे तरी दुसरं काय असतं?

माझ्याकडेही एक पाकीट आहे. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, 2019च्या दिवाळीत, मी बापू नाडकर्णींना पत्र लिहिलं. नाशिकचे बापू. जानेवारी 1964, मद्रास कसोटी, इंग्लंडविरुद्ध: 32 षटकं, 27 निर्धाव, 5 धावा, विकेट शून्य. त्यात सलग 21 षटकं निर्धाव! मला विचारायचं होतं, विकेट पडत नसताना तुम्ही कंटाळला कसे नाहीत?

पत्र तयार, परतीच्या पाकिटावर तिकीटही लावलेलं. फक्त फोटोची प्रिंट मनासारखी आली नव्हती. मग सबमिशन आली, मग परीक्षा. म्हटलं, सावकाश पाठवू. बापू 17 जानेवारी 2020 रोजी गेले, 86व्या वर्षी. ते राहायचे मुंबईतच. माझं पत्र बदलापूरहून फार तर तीन दिवसांत पोचलं असतं.

मामा ओरडला नाही. म्हणाला, “तेही डब्यात ठेव.” ठेवलंय. सगळ्या डब्यात शिक्का नसलेलं तेवढं एकच पाकीट आहे.

तर मंडळी, तुमच्याही मनात कुणी जुना खेळाडू असेल तर पत्र हाताने लिहा, एका पानाच्या आत. फोटो एकच ठेवा, आणि सही विकायला मागू नका. प्रिंट साधी असली तरी चालेल. उद्या लोकल पकडायच्या आधी पेटीत टाका. भेटू पुढच्या भागात!